उन्हाचा चष्मा

नीतीचे प्रश्न म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठमोठे प्रसंग उभे राहतात. रणांगणावर शस्त्र खाली ठेवणारा अर्जुन, पित्याच्या शब्दासाठी राज्य सोडून वनात जाणारा राम, किंवा पळून जाण्याची सोय असतानाही विषाचा प्याला हाती घेणारा सॉक्रेटीस. हे प्रसंग मोठे खरे. पण सामान्य गृहस्थाच्या आयुष्यात ते येतात किती? माझ्यापुढे तरी आजवर कुणी राज्य ठेवले नाही आणि विषाचा प्यालाही ठेवला नाही. माझ्यापुढे जे प्रश्न येतात ते बहुधा दुकानाच्या काउंटरवर येतात. किती पैसे द्यावेत, कशासाठी द्यावेत, कुणासाठी द्यावेत आणि कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवून द्यावेत, हे ते प्रश्न. दिवाळीच्या दिवसांत तर ते रांगेने येतात. घरातली मंडळी खरेदीची यादी करीत बसतात तेव्हा, खरे पाहता, ती आपल्या घराची नीतीच कागदावर उतरवीत असतात. यादीत कोणाचे नाव पहिले आहे, कोणाच्या नावापुढे ‘जमल्यास’ असे लिहिले आहे आणि कोणाचे नाव राहूनच गेले आहे, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

गेल्या वर्षी माझ्या यादीत एक अशी वस्तू होती की जिचे नाव वाचून घरात हशा पिकला. भाऊबीजेची ओवाळणी म्हणून मी माझ्या थोरल्या बहिणीसाठी गॉगल घेणार होतो. आक्का सांगोल्याकडे असते. वय साठीच्या पुढे. डाळिंबाची बाग आहे, थोडी ज्वारी असते, आणि तिचा बराचसा दिवस उघड्या रानात जातो. तिच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे एक मांसल पडदा सरकू लागला होता. ऊन, धूळ आणि वारा यांत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसांना हा विकार अधिक होतो. डॉक्टरांनी सांगितले की, आज शस्त्रक्रियेची गरज नाही. पण रानात जाताना उन्हाचा चष्मा लावत जा. चिठ्ठीवर त्यांनी तसे लिहूनही दिले. आक्काने ती चिठ्ठी देवघरातल्या डब्यात जपून ठेवली. चष्मा मात्र घेतला नाही.

तेव्हा काम साधे होते. चांगला, टिकाऊ आणि दिलेल्या पैशांचे चीज होईल असा एक गॉगल निवडायचा. परंतु ‘चांगला’ हा शब्द दिसतो तितका साधा नाही. आपण चांगला आंबा म्हणतो, चांगला सुतार म्हणतो, चांगला मुलगा म्हणतो आणि चांगला गॉगलही म्हणतो. या सर्वांत समान असे काय आहे? ॲरिस्टॉटलने या प्रश्नाला जे उत्तर दिले आहे ते आजही उपयोगी पडते. ज्या वस्तूला जे काम आहे ते तिने नीट करणे, हा तिचा गुण. यासाठी त्याने जी उदाहरणे घेतली आहेत, त्यांत एक डोळ्याचेच आहे. डोळ्याचा गुण तो, की ज्यामुळे डोळाही चांगला राहतो आणि त्याचे पाहणेही चांगले होते. डोळ्याविषयी जे खरे ते डोळ्यावर चढणाऱ्या वस्तूविषयीही खरे असले पाहिजे. म्हणजे पहिला प्रश्न असा, की गॉगलचे काम कोणते?

या प्रश्नाचे सर्वांत निर्मळ उत्तर मला उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांच्या चष्म्यात सापडते. त्या प्रदेशात बर्फावरून परतणारा प्रकाश इतका प्रखर असतो की उघड्या डोळ्यांना काही काळ अंधत्व येते. तिथल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी त्यावर तोड काढली. हाडाचा, हस्तिदंताचा किंवा लाकडाचा एक तुकडा चेहऱ्याला बसेल असा कोरायचा, त्याला दोन अरुंद आडव्या फटी ठेवायच्या आणि तो दोरीने डोळ्यांवर बांधायचा. झाला चष्मा. यात काच नाही, रंग नाही, चकाकी नाही. डोळ्यात जाणारा उजेड कमी करायचा, पण वाट दिसली पाहिजे, एवढेच काम. आणि ते पुरेपूर होते. संग्रहालयांत ठेवलेल्या अशा चष्म्यांची छायाचित्रे पाहताना वाटते की, आपल्या बाजारात गॉगल म्हणून जे जे विकले जाते त्यातले बहुतेक या हाडाच्या तुकड्यापुढे उपरे आहे.

आपला गॉगल काचेचा किंवा प्लॅस्टिकचा असतो आणि तो काळा असतो. इथेच एक गंमत आहे, आणि ती गंमत नीट समजली नाही तर ती डोळ्यांवर बेतते. सूर्यप्रकाशातले जे किरण डोळ्याला सावकाश इजा करतात ते मुख्यतः अतिनील किरण. आणि ते आपल्याला दिसत नाहीत. आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० नॅनोमीटर तरंगलांबीपासून पुढचा. अतिनील किरण त्याच्या अलीकडचे. काचेचा काळेपणा दिसणारा प्रकाश अडवतो. न दिसणारा अडवतोच असे नाही. अगदी पारदर्शक, बिनरंगी भिंगही अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवू शकते आणि मिट्ट काळे भिंग ते आत सोडू शकते. त्यात आणखी एक कारण मिळते. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते. काळ्या भिंगामागेही ती मोठी होते. म्हणजे भिंग नुसतेच काळे असले आणि त्यात रक्षणाचा गुण नसला, तर दारावरचा पहारेकरी काढून दार मात्र अधिक उघडे ठेवल्यासारखे होते. डोळ्याला गार वाटते आणि म्हणून मनुष्य उन्हात अधिक वेळ उभा राहतो.

‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण आपण माणसांना लावतो. ती या वस्तूला जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कशाला लागू पडत असेल असे वाटत नाही. आंब्याचा वास घेता येतो, लुगड्याचा पोत बोटांनी पाहता येतो, मडके वाजवून घेता येते. गॉगलचा मुख्य गुण मात्र असा आहे की तो ज्या इंद्रियासाठी विकत घ्यायचा त्या इंद्रियालाच तो तपासता येत नाही. जिथे स्वतःची परीक्षा चालत नाही तिथे दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. आणि जिथे दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते तिथे व्यवहार संपून नीती सुरू होते. गॉगल विकणारा काच विकत नाही, तो शब्द विकतो.

मग शब्द कुणाचा घ्यायचा? बहुतेक लोक किमतीचा शब्द घेतात. महाग आहे म्हणजे चांगले असणार, अशी एक समजूत असते. ती अगदीच वेडगळ नाही. पण ती आळशी आहे. मी ज्या जुन्या चष्मेवाल्याकडे गेलो त्याच्याकडे एक लहानसे यंत्र होते. एका बाजूने अतिनील किरण सोडायचे, मध्ये भिंग धरायचे आणि पलीकडे किती किरण पोहोचले ते आकड्यात पाहायचे. अर्ध्या मिनिटाचे काम. त्याने माझ्यासमोर तीन गॉगल धरले. पहिला काचेच्या कपाटातला, नामांकित, नऊ हजार रुपयांचा. दुसरा बिननावाचा, नऊशे रुपयांचा. तिसरा कुणा गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकलेला, पदपथावर घेतलेला. पहिल्याने किरण अडवले. दुसऱ्यानेही तितकेच अडवले. तिसरा तिन्हींत सर्वांत काळा होता, त्याच्यावर ‘यूव्ही ४००’ अशी सोनेरी चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि त्यातून किरण खुशाल पलीकडे गेले. यूव्ही ४०० याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतचे सगळे अतिनील किरण अडवतो, असा. पण चिठ्ठी छापायला छापखाना पुरतो, भिंग लागत नाही.

याचा अर्थ स्वस्त ते सगळे वाईट, असाही नाही. पॉलिकार्बोनेट नावाचा जो प्लॅस्टिकचा प्रकार आज भिंगांसाठी सर्रास वापरतात, तो मुळातच बहुतांश अतिनील किरण शोषून घेतो. त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. म्हणजे डोळ्याचे रक्षण ही आज श्रीमंतांची मिरासदारी राहिलेली नाही, ही मोठी समाधानाची गोष्ट आहे. उजेड किती कमी करावा यालाही ठरलेल्या पायऱ्या आहेत, शून्य ते चार. तिसऱ्या पायरीचे भिंग दिसणाऱ्या प्रकाशापैकी ८ ते १८ टक्के आत सोडते. आपल्याकडच्या उन्हाला ते योग्य. चौथ्या पायरीचे त्याहून काळे, ते घालून गाडी चालवायची नसते. पाण्यावरून किंवा डांबरी रस्त्यावरून येणारी तिरीप मोडणारी भिंगे वेगळी. त्यांना लागणारा पडदा एडविन लँड या अमेरिकन संशोधकाने १९२९ साली तयार केला. ती सुखाची असतात, पण तिरीप मोडणे म्हणजे अतिनील किरण अडवणे नव्हे. इतके तीन-चार धडे शिकले की किमतीच्या शब्दावर विसंबण्याचे कारण उरत नाही.

मग नऊशे आणि नऊ हजार यांतले अंतर कशाचे? काही अंशी ते टिकाऊपणाचे असते आणि त्याला माझा विरोध नाही. चष्मेवाल्याने मला ते हातात देऊन समजावले. स्वस्त फ्रेम साच्यात ओतलेली असते. चांगली फ्रेम ॲसिटेटच्या जाड पत्र्यातून कापून, घासून काढतात. हे ॲसिटेट कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूंपासून बनते. ऊब दिली की वाकते, म्हणून चेहऱ्याप्रमाणे बसवता येते. ओरखडे पडले तर पुन्हा चकचकीत करता येते. काडी जिथे फ्रेमला मिळते ती बिजागरी पाहावी. ती नुसती प्लॅस्टिकमध्ये रुतवलेली असेल तर एक दिवस उपटून हातात येते. खिळ्यांनी पक्की केलेली असेल तर वर्षानुवर्षे चालते. काडी उघडताना थोडा विरोध जाणवावा. स्क्रू साधा असावा, म्हणजे गावातला चष्मेवालाही तो बदलू शकेल. भिंगातून दूरची एखादी सरळ रेषा, दाराची चौकट किंवा विजेचा खांब, पाहावी आणि मान हळूहळू हलवावी. रेषा लाटेसारखी हलली तर भिंग सदोष आहे. आणि भिंग मोठे असावे, कडेने ऊन आत शिरू नये.

हे ऐकताना माझ्या मनात आले की टिकाऊपणा हा जितका वस्तूचा गुण आहे तितकाच तो नात्याचा आहे. आपण म्हणतो, ‘हा चष्मा पंधरा वर्षे टिकला.’ खरे म्हणजे पंधरा वर्षे कुणीतरी तो टिकवलेला असतो. रोज पदराने न पुसता पाण्याने धुऊन पुसला, डोक्यावर चढवून फ्रेम फाकवली नाही, ढिला झालेला स्क्रू वेळीच पिळून घेतला. न दुरुस्त होणारी वस्तू कितीही मजबूत असो, ती आपल्याला फक्त गिऱ्हाईक म्हणून ओळखते. दुरुस्त होणारी वस्तू मात्र आपल्याकडून थोडी काळजी मागते आणि त्या काळजीतून ती आपली होते. आजीचे पितळी पातेले कल्हई करून करून चार पिढ्या चालले ते पितळ अमर होते म्हणून नव्हे. दर वर्षी कल्हईवाल्याची हाक ऐकून कुणीतरी दाराशी जात होते म्हणून.

परंतु नऊशे आणि नऊ हजार यांतले सगळेच अंतर बिजागरीचे नसते. पुष्कळसे नावाचे असते. या नावाची कथा मनोरंजक आहे. विमाने उंच उडू लागली तसे वैमानिकांचे डोळे प्रखर उजेडाने दिपू लागले. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या बाउश अँड लोम्ब या भिंगे करणाऱ्या जुन्या कंपनीने गॉगल तयार केला आणि १९३७ साली त्याचा एकाधिकार घेतला. तोच रेबॅनचा ‘एव्हिएटर’. थेंबाच्या आकाराचे ते भिंग सुरुवातीला कुणाला शोभेसाठी सुचले नव्हते. खाली यंत्रांच्या तबकड्यांकडे पाहणाऱ्या डोळ्याला झाकायचे म्हणून ते खाली उतरते होते. १९४४ साली जनरल मॅकआर्थर फिलिपिन्सच्या किनाऱ्यावर पाण्यातून चालत उतरला, त्या प्रसिद्ध छायाचित्रात त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा आहे. पुढे १९५२ मध्ये रेमंड स्टेगमन याने जाड फ्रेमचा ‘वेफेअरर’ रेखाटला. पुढे त्याची लोकप्रियता ओसरली; १९८३ मध्ये ‘रिस्की बिझनेस’ या चित्रपटात टॉम क्रूझने तो घातला आणि तो पुन्हा झपाट्याने खपू लागला. फ्रेम तीच होती. बदलला होता तो पाहणाऱ्यांचा डोळा.

१९९९ साली बाउश अँड लोम्बने रेबॅन हे नाव आणि तो धंदा इटलीच्या लक्सोटिका कंपनीला ६४ कोटी डॉलरना विकला. ही लक्सोटिका म्हणजे लिओनार्दो देल व्हेकिओ या बालपणी अनाथाश्रमात राहिलेल्या कारागिराने १९६१ मध्ये आगोर्दो या डोंगराळ गावात काढलेला चष्म्यांचे सुटे भाग करण्याचा कारखाना. त्याच्या कर्तृत्वाला नमस्कारच केला पाहिजे. पण विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की १९३७ मध्ये ज्या हातांनी ते नाव कमावले ते हात गेले, ती कंपनी त्या धंद्यातून गेली, आणि नाव मात्र राहिले. माणसाच्या बाबतीत आपण असे चालू देत नाही. आजोबांनी मिळवलेला लौकिक नातवाला आयता मिळतो खरा. पण नातवाने तो स्वतःच्या वागण्याने पुन्हा मिळवावा अशी आपली अपेक्षा असते. वस्तूंच्या नावांनाही हाच न्याय लावावा. नाव हे पूर्वीच्या प्रामाणिकपणाची पावती आहे, आजच्या प्रामाणिकपणाची नव्हे. ती पावती पाहावी, मान द्यावा आणि तरीही यंत्रावर भिंग धरून पाहावे.

याच न्यायाने मला नकली वस्तूंचा विचारही थोडा वेगळा करावासा वाटतो. पदपथावर दोनशे रुपयांचा गॉगल विकणारा पोरगा चोर आहे असे मी म्हणणार नाही. थेंबाचा आकार ही आता कुणाची खाजगी मालमत्ता नाही. तो आकार कुणीही काढावा. ‘हा साधा गॉगल आहे, दोनशे रुपये’, असे म्हणून तो विकला तर त्यात असत्य कुठे आहे? असत्य त्या कोपऱ्यातल्या खोट्या नावात आहे, आणि त्याहूनही मोठे असत्य त्या सोनेरी चिठ्ठीत आहे. खोट्या नावाने फार तर कंपनीचे नुकसान होते आणि घेणाऱ्याच्या मिरवण्याची हौस भागते. खोट्या चिठ्ठीने एखाद्याचा डोळा जातो, आणि तोही असा सावकाश की वीस वर्षांनी कुणाकडे बोट दाखवायचे हेही उरत नाही. कायदा पहिल्या खोट्यावर लवकर धावून जातो, कारण त्याची तक्रार करणारा श्रीमंत असतो.

मी नऊशेचा घेतला. ॲसिटेटची काळी फ्रेम, खिळ्यांची बिजागरी, तिसऱ्या पायरीची करडी भिंगे. घाट तो जुनाच, पन्नास वर्षांपूर्वीच्या छायाचित्रातही शोभेल आणि पन्नास वर्षांनीही शोभेल असा. अभिजात घाटाचा फायदा हाच, की तो आपल्याला ‘आता हे जुने झाले’ असे म्हणायला लावत नाही. वस्तू मोडण्याआधीच मन मोडते, आणि निम्मी खरेदी त्या मोडलेल्या मनाची असते.

भाऊबीजेला आक्काने ओवाळले. तबकात मी ती डबी ठेवली. तिने उघडली, हसली, फ्रेम हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि माझ्याकडे परत दिली. “अरे, हे घालून मी रानात गेले तर बायका काय म्हणतील? म्हातारपणी नटी झाली म्हणतील. तू एखादं लुगडं आणायचंस.” मी डॉक्टरांच्या चिठ्ठीची आठवण दिली. ती म्हणाली, “डॉक्टर शहरातला. त्याला काय ठाऊक?”

माझ्या साऱ्या तत्त्वचर्चेला हे उत्तर होते. मी वस्तूचा चांगुलपणा भिंगात, बिजागरीत आणि विक्रेत्याच्या शब्दात शोधत होतो. पण ज्या वस्तूला घालण्याची परवानगीच नाही ती चांगली असून काय उपयोग? आणि परवानगी देणारे कोण, हे पाहू गेले तर मोठे विचित्र दिसते. आक्काची सून दुचाकीवरून सांगोल्याला कामाला जाते. ती गॉगल लावते; तिला कोणी हसत नाही. ट्रॅक्टर चालवणारा पुतण्या लावतो. त्याला तर तो शोभतोच म्हणतात. म्हणजे गाडीवरच्या डोळ्याला ऊन लागते आणि खुरप्यावरच्या डोळ्याला लागत नाही, अशी आपली समजूत असावी. मोतीबिंदू काढलेली म्हातारी गावात काळा चष्मा लावून फिरते तेव्हाही कोणी हसत नाही. आजाराला परवानगी आहे, वाहनाला आहे, हौसेला आहे. कष्टाला मात्र नाही. ज्याला उन्हाचा चष्मा सर्वांत जास्त हवा, त्यानेच तो घातला की तो नखरा ठरतो.

पुढची हकिगत मला सुनेने फोनवर सांगितली. फाल्गुनापर्यंत गॉगल कपाटात होता. मग उन्हे तापली, डोळा चुरचुरू लागला आणि एक दिवस आक्का तो लावून बागेत गेली. शेजारच्या रानातली बाई बांधावर येऊन म्हणाली, “का ओ, डोळ्याचं ऑप्रेशन झालं काय?” आक्का क्षणभर थांबली आणि म्हणाली, “हो, झालं की.” त्या दिवसापासून ती रोज गॉगल लावते. गावात सर्वांची समजूत आहे की तिच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे.

आक्का खोटे बोलली. जी बाई दुधात पाण्याचा थेंब घालू देत नाही ती बोलली. तिला दोष द्यावा का? मी पुष्कळ विचार केला. त्या सोनेरी चिठ्ठीचे खोटे आणि हे खोटे एकाच तागडीत घालता येणार नाही. चिठ्ठीचे खोटे दुसऱ्याचा विश्वास वापरून त्याचा डोळा घेते. आक्काच्या खोट्याने कुणाचे काही गेले नाही, आणि तिचा डोळा वाचला. तरीही ते खोटे मला टोचत राहते. ते तिचे आहे म्हणून नव्हे, तर ते तिच्याकडून वदवून घेतले गेले म्हणून. ‘मला उन्हाचा त्रास होतो, म्हणून मी हा लावते,’ एवढे सरळ वाक्य म्हणण्याइतकीही मोकळीक आपण एका कष्टाळू बाईला ठेवली नाही. जिथे खरे बोलण्यासाठी धैर्य लागते तिथे नीतीचा भंग बोलणाऱ्याकडून होण्याआधी ऐकणाऱ्यांकडून झालेला असतो. मी स्वतः शहरातल्या रस्त्यावर डोक्यावर पाटी आणि डोळ्यांवर गॉगल अशी मजूर बाई पाहिली असती तर कौतुकाने पाहिले असते की मिस्किलपणाने, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो आणि वाचकांनीही विचारावा.

काळ्या चष्म्याविषयीचा आपला संशय अगदी निराधार आहे असेही नाही. त्यामागे एक जुनी आणि चांगली रीत आहे. आपण डोळ्यांत पाहून बोलतो. नजर चुकवणाऱ्याचा भरवसा धरत नाही. काळ्या काचेआडचा मनुष्य आपल्याला पाहतो आणि स्वतः मात्र दिसत नाही, हा व्यवहार बरोबरीचा नव्हे. म्हणून वडीलधाऱ्यांशी बोलताना गॉगल उतरवावा, सांत्वनाला जाताना तो दाराबाहेरच ठेवावा, हे शिकवणे योग्यच आहे. पण या रीतीचा अर्थ नीट पाहिला तर ती माणसांपासून डोळे लपवण्याच्या विरुद्ध आहे, उन्हापासून डोळे राखण्याच्या विरुद्ध नव्हे. सूर्याशी नजर भिडवण्याचे बंधन कुठल्याही शास्त्राने घातलेले नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो मी टाळणार नाही. कोणी म्हणेल, नऊशे रुपयांचा गॉगल देऊन भाऊ मोकळा झाला. बहिणीचे भर दुपारचे काम कमी झाले का? नाही झाले. गॉगलने ऊन कमी होत नाही. वरून येणारे ऊन रुंद काठाची टोपी किंवा पुढे ओढलेला पदरही बराच अडवतो. दुपारी दोन तास सावलीत बसता आले तर त्याहून बरे. आणि ज्याच्या पोटाला भर उन्हात राबण्यावाचून गत्यंतर नाही त्याची ती गत बदलणे हे सर्वांत बरे. वस्तू देणे हा न्याय करण्याला पर्याय नाही. पण मोठा न्याय होईपर्यंत लहान सावली देऊ नये, असेही कुणाला म्हणता येणार नाही. छत्री दिली म्हणून पाऊस थांबत नाही. तरी आपण छत्री देतोच.

राहता राहिला मोलाचा प्रश्न. २००९ साली न्यूयॉर्कला गांधीजींचा चष्मा, घड्याळ, वहाणा, ताट आणि वाटी यांचा लिलाव झाला आणि अठरा लाख डॉलर मिळाले. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या एका लिलावघराच्या टपालपेटीत कुणीतरी लिफाफ्यात घालून त्यांचा आणखी एक चष्मा टाकून गेले. तो २,६०,००० पौंडांना गेला. ही किंमत काचेची नव्हती, फ्रेमचीही नव्हती. त्या भिंगांतून कुणी काय पाहिले याची ती किंमत होती. कारखान्यातून निघताना त्या चष्म्यावर असे काहीच लिहिलेले नव्हते. म्हणजे वस्तूचे खरे मोल ती विकत घेताना ठरत नाही. ते नंतर, वापरणाऱ्याकडून, हळूहळू तिच्यात भरले जाते. दुकानदार आपल्याला किंमत सांगू शकतो. मोल सांगणे त्याच्या हाती नाही.

वाचकहो, या दिवाळीत आपणांपैकी कुणी गॉगल घेणार असाल तर भिंग यंत्रावर तपासून घ्या, बिजागरी पाहा, स्क्रू साधा आहे ना ते पाहा आणि जो घाट आपल्याला पाच वर्षांनीही आवडेल तोच घ्या. नाव खरे असेल तर त्याला मान द्या. नसेल तर बिननावाच्या प्रामाणिक वस्तूला कमी लेखू नका. आणि जमल्यास एक जास्तीचा घ्या. आपल्या घरी धुणीभांडी करायला उन्हातून चालत येणाऱ्या मावशी असतील, कोपऱ्यावर भाजी घेऊन दिवसभर बसणारी आजी असेल, चौकात उभा असलेला पोलीस शिपाई असेल. तो देताना हसू नका, आणि त्यांनी तो घातलेला दिसला की काही विचारू नका. परवा फोनवर आक्का सांगत होती, “अरे, त्या बांधावरच्या बाईनं विचारलं, ऑप्रेशन न करता नुसता चष्मा मिळतो का म्हणून. म्हटलं, मिळतो. नऊशेला.”